साईडपट्टीवरच्या फुलांचं बिल निघत नाही

पाऊस तोंडावर आला की रस्त्याकडेला काहीतरी फेकायची आपल्याला हुक्की येते. आधी सीडबॉल आले. शाळेतली मुलं, कंपन्यांचे कर्मचारी, ट्रेकिंगचे गट मातीत चिंच-कडुलिंबाच्या बिया वळून घाटात भिरकावू लागले. आता त्यांच्या जोडीला ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ आलं आहे. पाकीट ऑनलाइन मागवायचं. वर मधमाशीचं आणि फुलपाखराचं चित्र, आत चिमूटभर बिया. गावाबाहेरच्या रस्त्याच्या साईडपट्टीवर, सोसायटीच्या कुंपणाबाहेर, उड्डाणपुलाखाली ते उधळायचं आणि परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी आपण काही केलं, या समाधानात घरी यायचं. उद्या हेच काम सरकारी सुशोभीकरणाच्या यादीत जाऊन बसलं, तर मला नवल वाटणार नाही.

हेतूवर बोट ठेवायचं कारण नाही. रस्त्याकडेची पट्टी मधमाश्यांसाठी मोलाची असते हेही खरं, आणि माझ्या मते आपण धरतो त्यापेक्षा ती बरीच जास्त मोलाची आहे. म्हणूनच तिथं पाकीट फोडू नये असं मला म्हणायचं आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक साईडपट्ट्यांना बियांची गरजच नाही. बी तिथं मातीत पडलेलं आहे. ते दरवर्षी उगवतं, फुलावर येतं, आणि त्याला दाणा धरायच्या आत आपण ते कापतो, खरवडतो, त्यावर तणनाशक मारतो. उरलंसुरलं फेब्रुवारीत पेटवून देतो. पाकीट यातलं काहीच थांबवत नाही.

या पट्टीचा आवाका आधी बघू. डांबरालगतची, गाडी उतरवायची जागा सोडून द्या. तिच्यापलीकडे, चर आणि शेताचा बांध यांच्या दरम्यान, दोन्ही अंगांना नुसते दोन-दोन मीटर धरले तरी एका किलोमीटरमागे ४,००० चौरस मीटर जागा निघते. म्हणजे जवळजवळ एक एकर. वीस किलोमीटरच्या तालुक्याच्या रस्त्याला वीस एकर. ही जमीन सरकारची आहे, तिला नांगर लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती सलग आहे. आग्या माशी चाऱ्यासाठी काही किलोमीटर जाऊ शकते. पण पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या लहान माश्यांची धाव बहुधा काहीशे मीटरांतच संपते. ऊस, सोयाबीन आणि प्लॉटिंगच्या पसाऱ्यात अशा माशीला एका माळावरून दुसऱ्या माळावर पोचायला रस्त्याकडेची ओळ हीच काय ती वाट उरली आहे. पूर्वी शेताचे बांध हे काम करत. आता बांध रुंदीने बोटभर उरलेत आणि त्यांवरही फवारा फिरतो. केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचना काढून ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला खरा. बांधावर आणि चरात कोण काय मारतं हे मात्र गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

आता त्या एकरात काय उगवतं ते. जूनच्या पहिल्या सरींनंतर केना येतो. त्याचं निळं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्यात मध नसतो, माश्या परागासाठी येतात. मग तेरडा, ज्याची रोपं कोकणात गौर म्हणून घरी आणतात. टाकळा आणि कुर्डू, जे कोवळेपणी भाजीच्या पाटीत जातात आणि जून झाले की फुलपाखरांच्या कामाला येतात. आघाडा, माका, रानातली गोकर्ण, खुळखुळा. घाटमाथ्याला गेलात तर भाद्रपदात सोनकीने दरडी पिवळ्या होतात. देशावरच्या मुरमाड पट्टीत तरवड, रुई, निर्गुडी. तरवडाचं एक विशेष आहे. त्याच्या फुलाचे परागकोश मोकळे फुटत नाहीत, त्यांना टोकाशी बारीक छिद्र असतं. काळा भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो तेव्हा त्या छिद्रातून पराग उडतो. पाळीव मधमाशीला ही थरथर जमत नाही. तेव्हा ‘मधमाश्या वाचवा’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त पेटीतली माशी असेल तर तरवडाचं गणित आपल्याला कधीच कळणार नाही.

फुलपाखरांचं तर आणखी वेगळं. प्रौढ फुलपाखरू मध कुठलाही चालवून घेतं, पण अंडी घालताना ते काटेकोर असतं. रस्त्याकडेला बागडणारी ती लहान पिवळी फुलपाखरं टाकळ्याच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. रुईवर केशरी-काळ्या फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा-पानांवर त्याच कुळातले नर झुंबड करतात, कारण त्यातला कडू अर्क त्यांना मादीला आकर्षित करायला लागतो. गवतसुद्धा फुकट नाही: संध्याकाळी उडणारी तपकिरी फुलपाखरं आणि चपळ उड्या मारणारी छोटी भुरी फुलपाखरं यांच्या अळ्या गवतावरच वाढतात. आपण ज्याला ‘माजलेलं रान’ म्हणून कापून टाकतो ते त्यांचं बाळंतघर असतं.

याच्याजागी पाकिटातून काय येतं? बाजारात मिळणाऱ्या मिश्रणांत बहुधा कॉसमॉस, झिनिया, कॅलिफोर्निया पॉपी, कॉर्नफ्लॉवर अशी मंडळी असतात. काही मेक्सिकोची, काही युरोपची. त्यातली निम्मी आपल्या पावसात कुजून जातात, हे एका परीने बरंच आहे. अडचण तगून राहणाऱ्यांची आहे. केशरी-पिवळा कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. बागेतून निसटला आणि आता पुण्याच्या टेकड्यांवर, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रस्त्यांवर सप्टेंबर-ऑक्टोबरात मैलोन्‌मैल तोच दिसतो. लोक गाड्या थांबवून त्यात फोटो काढतात आणि ‘रानफुलं’ म्हणून टाकतात. त्यावर फुलपाखरं आणि माश्या बसतात, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या दाट वाढीखाली तेरडा, सोनकी आणि गवत दबतं, आणि त्याच्या पानावर इथल्या फुलपाखराची पिढी उभी राहत नाही. मध देतो म्हणून तो चांगला, हा युक्तिवाद रानं व्यापून टाकणाऱ्या घाणेरीलाही लागू पडतो.

इथं एक खुलासा करायला हवा, नाहीतर मी देशी-परदेशीचं सोवळं पाळतोय असा समज होईल. एकदांडी, जिला दगडी पाला म्हणतात, तीही अमेरिकेतूनच आलेली आहे. साईडपट्टीवर पावसाळा सरल्यावर फुलपाखरं सर्वांत जास्त कशावर दिसत असतील तर तिच्यावर. ती कोणाला दाबत नाही, उघड्या मुरमावर बसते, जनावरं खातात. तिला उपटत बसायचं काही कारण नाही. प्रश्न झाडाच्या पासपोर्टचा नाही, त्याच्या वागणुकीचा आहे. आणि नव्या पाहुण्याची वागणूक कळायला काही दशकं जातात. गाजरगवत पुण्यात नजरेस आलं १९५०च्या दशकात. आज त्याच्याविना महाराष्ट्रातला एक रस्ता दाखवा. १९८४ साली त्यावर मेक्सिकन भुंगेरे सोडले, तरी ते हटलं नाही. आपल्या मातीवर अनोळखी बी फेकण्यापूर्वी एवढा एक अनुभव पुरेसा असायला हवा होता.

ही पेरणीची कल्पना मुळात आली कुठून तेही बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकापासून फुलांची कुरणं जवळपास ९७ टक्के नाहीशी झाली. नांगरली गेली, खतं पडली, एकसुरी गवत आलं. तिथं मातीतली बियांची शिल्लकच संपली, त्यामुळे काही ठिकाणी रस्त्याकडेला नव्याने पेरणं भाग पडलं. अमेरिकेत टेक्सास राज्याचं हमरस्ते खातं दरवर्षी सुमारे ३०,००० पौंड रानफुलांचं बी पेरतं, आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांच्या आग्रहातून १९६५ साली आलेल्या हमरस्ते सुशोभीकरणाच्या कायद्यामुळे त्या चळवळीला देशभर नाव मिळालं. ब्लूबॉनेटने निळ्या झालेल्या तिथल्या रस्त्यांची छायाचित्रं आपण पाहतो. छायाचित्रात जे दिसत नाही ते असं, की त्या खात्याने १९३०च्या दशकातच फुलं बी धरेपर्यंत गवत कापायचं नाही, असा नियम केला. शिवाय ब्लूबॉनेट तिथलंच आहे. आपण त्यांच्याकडून पेरणी उचलली आणि कापणीचा नियम तिथंच ठेवून आलो.

त्याहून मोठी गफलत ऋतूंची आहे. थंड देशात उन्हाळा हा फुलांचा काळ. मार्च ते सप्टेंबर काहीतरी फुलत राहिलं म्हणजे माश्यांची सोय झाली. आपल्याकडे हंगामी फुलांची लाट जुलै ते ऑक्टोबर. नेमक्या त्याच काळात देशावर निसर्ग भरभरून देत असतो. पाकिटातली हंगामी फुलं याच लाटेत उगवणार, म्हणजे जेवणाच्या पंगतीत आणखी एक वाढपी. डिसेंबरात सगळं वाळून जातं. खरी तंगी देशावर फेब्रुवारीनंतर सुरू होते. आणि त्याच सुमाराला माश्यांची गरज शेतकऱ्याला सर्वांत जास्त असते. जालना-बुलढाण्याच्या पट्ट्यात कांद्याचं बीजोत्पादन घेणाऱ्यांना विचारा. कांद्याचे गोंडे थंडी सरताना फुलतात, आणि एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामाला वेळेवर येत नाही. माशी फिरल्याशिवाय बी भरत नाही. डाळिंबवाले, कलिंगडवाले, कारली-दोडक्याचे मांडव घालणारे, सगळ्यांची तीच कथा. पेट्या भाड्याने आणता येतात. पण बाकीचे दहा महिने त्या शिवारातल्या रानमाश्या कशावर जगल्या, हा प्रश्न पेटीने सुटत नाही.

म्हणजे मार्च ते मे महिन्यांत मधमाशीला उपयोगी पडतं ते फुलझाड नव्हे, झाड. कडुलिंब, करंज, शिरीष, चिंच. थंडी सरताना अडुळसा, पावसाळा उतरताना बोर, आणि बारमाही रुई-तरवड. जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा हीच झाडं होती. चौपदरीकरणात ती गेली आणि दुभाजकात कण्हेर व बोगनवेल आली. कण्हेरीच्या फुलात मधच नसतो. ते किड्याला नुसत्या देखाव्यावर बोलावतं. (वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या मध्ये फुलपाखरांना बोलावणारं झाड लावण्यापेक्षा हे परवडलं, असंही म्हणता येईल. दुभाजक हा परागीभवनाच्या कार्यक्रमाचा भाग असूच नये.)

शिवाय महाराष्ट्र एक नाही. सोलापूरला वर्षभरात पडतो तेवढा पाऊस महाबळेश्वरला जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातो. तिकडे सातेरी माश्या पाळणाऱ्यांची ओढगस्त पावसाळ्यात असते, पेट्यांना साखरेचं पाणी द्यावं लागतं. जांभूळ, हिरडा, गेळा फुलतो तो उन्हाळा त्यांचा सुगीचा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, ते तिथल्या जंगलाच्या जोरावर. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या रानात भूक उन्हाळ्याची, मांघरच्या जंगलात भूक पावसाळ्याची. एकच पाकीट दोन्हीकडे लागू पडतं असं सांगणारा माणूस बियाणं विकतो आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

फुलांना चांगली माती लागते, ही आपली आणखी एक समजूत. पेरणीच्या उत्साहात लोक साईडपट्टीवर काळी माती आणि शेणखत टाकतात. बागेत ते ठीक. रानफुलांना उलट उपाशी जमीन मानवते. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, ते जांभ्या खडकावरच्या वीतभरही नसलेल्या मातीवर. तिथं गवत माजू शकत नाही म्हणूनच गेंद, कवला, सीतेची आसवं यांना जागा मिळते. याच कासवर कुंपण घालून गुरं बंद केली तेव्हा गवत वाढलं आणि फुलं हटली, अशी तक्रार स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनीही केली; पुढे ते कुंपण काढावं लागलं. संरक्षण म्हणजे हात न लावणं, असं समीकरण मांडणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे उदाहरण लक्षात ठेवावं.

ब्रिटनमध्ये आता काही काउन्सिलं गवत कापून ते तिथंच न टाकता उचलून नेणारी महागडी यंत्रं घेतात. कापलेलं गवत कुजलं की माती सुपीक होते, सुपीक झाली की दांडगी तणं येतात, म्हणून ते न्यायचं. आपल्याकडे हे काम विळा आणि डोक्यावरचा भारा करत आला आहे. देशावर कुरण राखायची पद्धत होती आणि काही गावांत अजूनही आहे: पावसाळ्यात गुरं सोडायची नाहीत, दसरा-दिवाळीला गवत पिकलं की कापायचं, गंजी लावायची. तोवर गवताचं आणि त्यातल्या फुलांचं बी खाली झडलेलं असतं. साईडपट्टीला यापेक्षा वेगळं शास्त्र लागत नाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गावकऱ्यांना गवत कापून नेऊ द्या. चारा त्यांचा, उपाशी जमीन फुलांची.

प्रत्यक्षात मात्र ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी रस्ता ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून ब्रशकटर फिरतो. तेरडा आणि कुर्डू तेव्हा कळीवर असतात. पावसाळा संपला की जेसीबी साईडपट्टी खरवडतो, वर मुरूम पडतो. यात फुलांबरोबर आणखी काही जातं, जे कोणी मोजत नाही. जगातल्या बहुतेक माश्या पोळं बांधत नाहीत, जमिनीत बीळ करून राहतात. दाबलेली उघडी माती, चराचा कोरडा उतार ही त्यांची घरं. कुणी पोकळ वाळक्या काड्यांत घर करतं. जेसीबीच्या बकेटाला हे बीळ दिसत नाही, फेब्रुवारीच्या वणव्याला काडी दिसत नाही, आणि गावाजवळ आलं की पेव्हर ब्लॉक बसतात. वर फूल पेरून खाली घर मोडायचं, असा हा व्यवहार आहे.

मग सगळ्यांना पेरणीच का सुचते? माझं उत्तर साधं आहे: पेरणीचं बिल निघतं. बांधकाम खात्याचं काम मोजमाप पुस्तकावर, म्हणजे ‘एमबी’वर चालतं. किती खड्डे, किती रोपं, किती घनमीटर मुरूम, किती चौरस मीटर कापणी. कनिष्ठ अभियंता एमबीत नोंद करतो, उपअभियंता तपासतो, ठेकेदाराचं बिल निघतं. ‘ऑगस्टमध्ये कापलं नाही’ याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? केंद्राच्या २०१५च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाचा एक टक्का झाडांसाठी राखून ठेवायची तरतूद झाली. पैसा आला, पण तो खर्च झाल्याचं दिसतं ते रोपांच्या आकड्यात. स्वयंसेवी संस्थांचंही फार वेगळं नाही. देणगीदाराला अहवालात उधळलेल्या बिया दाखवता येतात. न कापलेलं गवत दाखवलं तर तो विचारेल, यात तुम्ही काय केलंत?

रस्त्यावर मैलकुली, म्हणजे देखभालीचे खात्याचे मजूर, असत तेव्हा थोडंफार वेगळं होतं. एका माणसाच्या हाती ठरावीक लांबी, तीच माणसं वर्षानुवर्षं. कुठल्या वळणावर गवत आधी कापायचं, कुठे चर तुंबतो, हे त्याला विचारावं लागत नसे. ती पदं हळूहळू आटली आणि काम वार्षिक ठेक्यात गेलं. ठेकेदाराला रस्ता ठाऊक नसतो, दर ठाऊक असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. निविदेत जे लिहिलं तेच तो करणार.

आता आक्षेप. पहिला आणि खरा आक्षेप गाजरगवताचा. पट्टी नुसती सोडून दिली तर तेरडा येईलच असं नाही. जिथं मुरूम-माती बाहेरून आणून टाकली आहे तिथं गाजरगवत आणि कॉसमॉस आधी येतील. हे मान्य. म्हणूनच ‘काही करू नका’ असं मी म्हणत नाही. गाजरगवत फुलायच्या आत, जून अखेर ते जुलैमध्ये, ओल्या मातीतून हातमोजे घालून मुळासकट उपटायला लागतं, आणि तेही ओळीने तीन-चार वर्षं. टाकळ्याच्या जातीची झाडं दाट आली की ते मागे हटतं, हा अनुभव कृषी संशोधकांनी नोंदवला आहे आणि शेतकऱ्यांनाही तो नवा नाही. एका झाडाला हजारो बिया, तेव्हा एका वर्षात निकाल मागू नये. हे घामाचं काम आहे, त्याचा फोटो चांगला येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. वळणावर गवत वाढलं की समोरची गाडी दिसत नाही, गावाजवळ साप-विंचवाची भीती असते. अगदी रास्त. डांबरालगतची पहिली मीटर-दोन मीटर पट्टी, वळणांच्या आतल्या बाजू, थांबे, शाळा, वस्त्या इथं गवत वेळोवेळी कापलंच पाहिजे. त्यात किड्यांचं फारसं नुकसानही नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या रस्त्यांवर झालेल्या पाहणीत डांबराच्या अगदी कडेला परागीभवन करणारे कीटक कमी आणि आत जावं तसे जास्त आढळले. म्हणजे वाहनचालकाला हवी असलेली पट्टी आणि माशीला हवी असलेली पट्टी वेगळ्या आहेत. भांडण नाहीच. भांडण होतं ते सरसकट कापण्याच्या सोयीमुळे, कारण कुठे कापायचं हे ठरवायला रस्त्यावर चालत जावं लागतं.

गाड्यांना धडकून कीटक मरतात, मग त्यांना रस्त्याकडे बोलवायचंच कशाला, असंही कोणी विचारतं. सहापदरी द्रुतगती मार्गाच्या बाबतीत हा प्रश्न मला गप्प करतो. म्हणून माझा आग्रह जिल्हा परिषदेच्या आणि राज्य मार्गांच्या रस्त्यांसाठी आहे, जिथं वेग कमी, वाहतूक विरळ आणि बाजूला शेत आहे.

पेरणी कुठेच करू नये का? करावी, जिथं जमीन खरोखरच कोरी झाली आहे तिथं. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे भराव आणि कापलेल्या डोंगरांचे उतार बघा. वरची माती गेली, तिच्याबरोबर बियांची शिल्लकही गेली. तिथं वाट बघत बसलं तर माती वाहून जाईल किंवा गाजरगवत येईल. अशा उतारांवर बी टाकायलाच हवं, पण ते त्याच तालुक्यातल्या माळावरून कार्तिकात गोळा केलेलं: स्थानिक गवतं, तरवड, टाकळा, कुर्डू, खुळखुळा, निर्गुडी. असं बी बाजारात मिळत नाही, हीच तर संधी आहे. पिकांची गावठी वाणं राखण्याचं काम कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी करून दाखवलं, २०२०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रानफुलांचं बी त्याच हातांना अवघड नाही. ग्रामपंचायतींमध्ये २००२च्या कायद्याने जैवविविधता व्यवस्थापन समित्या कागदावर तरी आहेत. लोकजैवविविधता नोंदवहीत आपल्या शिवारातली झाडं लिहून त्यांनी ती कपाटात ठेवली. त्या यादीवरून बी गोळा करून खात्याला विकायचं काम बचत गटाला दिलं तर नोंदवही निदान एकदा उघडली जाईल.

आणि बिल? तेही काढता येतं, त्यासाठी निविदेतल्या बाबी बदलाव्या लागतील. जुलैत गाजरगवत उपटणं, प्रति किलोमीटर. पावसाळ्यात फक्त कडेची पट्टी आणि वळणं कापणं, प्रति किलोमीटर. पूर्ण कापणी तुळशीच्या लग्नानंतर, गवत गावाला मोफत. जेसीबी चरापुरता, उताराला लावायचा नाही. फेब्रुवारी ते मे वणव्यावर लक्ष, मजुराचे दिवस धरून. ठरलेल्या मैलाच्या दगडाजवळून ऑगस्ट आणि ऑक्टोबरात एकेक फोटो, तो एमबीला जोडायचा. ऑक्टोबरच्या फोटोत गवत उभं नसेल तर देयकात कपात. रिकाम्या जागी दरवर्षी थोडी करंज, कडुलिंब, बोर, बाभूळ, पण डांबरापासून लांब. यात पाकिटांपेक्षा जास्त पैसा लागेल, कारण यात मजुरी आहे. ती मजुरी त्याच रस्त्यावरच्या गावांत जावी, असंही निविदेत लिहिता येईल.

हे सगळं एका तालुक्यातल्या एका रस्त्यावर तीन पावसाळे करून पाहता येईल. त्यासाठी जूनमध्ये बिया घेऊन निघणाऱ्यांनी एकदा डिसेंबरात जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन बसावं. पुढच्या वर्षीच्या देखभालीच्या बाबी आणि दर तिथं अंदाजपत्रकाच्या आधी ठरतात, आणि मार्च उलटला की ऑगस्टमध्ये ब्रशकटर कधी फिरणार याचा निर्णय झालेला असतो.